लाटणं बांधलेली गिटार

आमचं रेल्वेचं क्वार्टर सिंदीच्या मालधक्क्याला इतकं लागून होतं की मालगाडीचं शंटिंग सुरू झालं की आमच्या फडताळातल्या कपबशा वाजायला लागायच्या. पाहुणेरावळे दचकायचे. आम्हाला मात्र एखाद्या दिवशी कपबशा वाजल्या नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबा तिथे मालबाबू होते. कापसाच्या गाठी, सरकीची पोती, तेलाचे डबे, संत्र्यांच्या पेट्या असा सगळा माल त्यांच्या नजरेखालून जायचा. फुटलेल्या, मोडलेल्या नगावर शेरा मारायचा आणि खाली सही ठोकायची, हे त्यांचं काम. ती सवय घरीही सुटत नसे. लोणच्याच्या बरणीला बारीकशी चीर दिसली तरी ते बरणी उचलून उजेडात धरत, गोल फिरवून बघत आणि म्हणत, "मोडला माल." एकदा हे दोन शब्द तोंडातून निघाले की त्या वस्तूची रवानगी मागच्या पडवीत व्हायची आणि आई ती हळूच परत आणून वापरायची. त्यांचा संसार असाच चालला होता आणि बरा चालला होता.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, ताई आणि मी. ताई शांत, गोरी, शिवणटिपण करणारी. मी काळीसावळी, ताडमाड आणि तोंडाळ. मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि त्या वयात माणसाला आपल्याइतकं कुणालाच काही कळत नाही असं वाटतं, ते मला जरा जास्तच वाटत होतं. अजूनही वाटतं, असं माझी सून म्हणते. म्हणू दे.

आणि पाचवी होती गिटार. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये पिंटो नावाचे गार्ड राहायचे. त्यांची बायको दुपारी पायरीवर बसून मांडीवर गिटार आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायची. त्यातून असा लांबच लांब, ओला सूर निघायचा की मी हातातलं भांडं तसंच ठेवून कुंपणाशी जाऊन उभी राहायचे. चार दिवस तिनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं, पाचव्या दिवशी म्हणाली, "अंदर आ, धूप में काली हो जाएगी." मी म्हटलं, काली तो हूँ ही. ती इतकी हसली की तिथूनच माझं शिक्षण सुरू झालं. पुढे दोनेक वर्षं मी तिच्या पायरीवर बसून शिकले. तिच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा सामानाच्या ढिगातून तिनं गिटार बाजूला काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मेरी उँगलियाँ अब अकड़ गई हैं. तू बजा. लेकिन इसे सोने मत देना." गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून बोट नाचवत मला दम देत होती.

बाबांना ती गिटार पटली नव्हती. ते तिला खोकं म्हणायचे. मी मात्र नागपूरला कॉलेजात जाण्याची आणि पिंटोबाईंच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे पुढचं शिकण्याची स्वप्नं बघत होते. एक दिवस जेवताना मी तो विषय काढला. बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, सावकाश रिकामी केली, आणि म्हणाले, "हे पाय. ताईच्या लग्नात चार लोकांत वाजवून दाखव. नागपूरची वऱ्हाडी मंडळी येतीन, त्यांनी हाव म्हटलं तर मी तुले नागपूरले पाठवतो. नाई तर मॅट्रिक झाली, बस झालं. हे खोकं पिंटोबाईले पार्सल करून देतो." मी लगेच हात पुढे केला. बाबांनी उष्ट्या हाताकडे बघून हसू दाबलं, पण शब्द दिला. बाबा शब्द सहज देत नसत, आणि दिला तर फिरवत नसत. त्यामुळे माझं सगळं आयुष्य, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं, ताईच्या मांडवात टांगलेलं होतं.

लग्न वैशाखाच्या शेवटी होतं. आमच्याकडचा वैशाख ज्यांनी भोगला नाही त्यांना काय सांगावं! सकाळची कामं आटोपेपर्यंत अंगणातली फरशी तापून पाय पोळायला लागत, दुपारी वाळ्याचे पडदे भिजवून दाराला लावायचे, माठाच्या भोवती ओलं पोतं गुंडाळायचं. पण ह्याच उन्हाची बायका वर्षभर वाट बघायच्या. कुरडया, पापड, सरगुंडे, सांडगे, मूगवड्या, सगळं ह्याच उन्हात व्हायचं. लग्नघर म्हटल्यावर तर बघायलाच नको. पहाटे आई गव्हाचा चीक चुलीवर घोटायला बसायची आणि त्याचा आंबूस-गोड वास घरभर पसरायचा. गरम चीक वाटीत घेऊन त्यात तेल-मीठ घालून खायचा, ही आमची तेव्हाची चैन. माझ्या नातवंडांना मी तो एकदा करून वाढला, त्यांनी फार सभ्यपणे खाल्ला.

आणि उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. गाद्या, रजया, ठेवणीतली लुगडी, डाळी, चिंच, देवघरातल्या पोथ्या, सगळं. ऊन दाखवलं म्हणजे कीड जाते, कुबट वास जातो, वस्तू वर्षभर टिकते. लग्नाच्या आठवडाभर आधी एक दिवस मी ताईबरोबर बांगड्या भरायला गेले होते. आईनं गिटारीच्या पेटीचं झाकण उघडलं, आतल्या मखमलीला तिला कसर लागल्यासारखी दिसली. लग्नात पोरीनं वाजवायचं तर वाद्य कसं स्वच्छ पाहिजे, म्हणून तिनं मोठ्या मायेनं गिटार बाहेर काढली, अंगणातल्या बाजेवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, त्यावर ती ठेवली, आणि शेजारच्या बाजेवर कुरडया. मी परत आले तेव्हा ती तिथे पडली होती, तारा ताणलेल्या, आणि लाकडाला हात लावला तर चटका बसत होता. मी ओरडणार, तेवढ्यात निंबावरून वानरं उतरली.

आमच्याकडची वानरं काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आणि कुरडयांची विशेष शौकीन. एक दांडगा हुप्प्या थेट बाजेवर आला. आई हातातलं उलथनं घेऊन धावली, मी ओरडले, ताई किंचाळली. हुप्प्यानं दोन्ही हातांत कुरडया घेतल्या आणि तिथून शेजारच्या बाजेवर उडी घेतली. बाज कलंडली. गिटार धोतरासकट घसरली आणि पाठीवर, डोक्याच्या बाजूनं, फरशीवर आपटली. आवाज फार मोठा झाला नाही. ऊस मोडावा तसा झाला. बाकी गिटारीला खरचटलंही नव्हतं, पण जिथे मान संपते आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, तिथल्या बारीक जागी ती तिरकी मोडली होती. डोकं नुसतं तारांना लोंबत होतं. हुप्प्या निंबावर बसून कुरडई कुडुमकुडुम खात होता.

आई मटकन खाली बसली. "माह्या हातानं गेलं व माय. चांगलं करायले गेली अन माह्याच हातानं गेलं." ती रडायला लागली तसा माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. बाबा दुपारी जेवायला आले. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, गोल फिरवली. मला ते शब्द ऐकायचे नव्हते, पण ते आलेच. "मोडला माल." मग माझ्याकडे बघून जरा नरमाईनं म्हणाले, "जाऊ दे पोरी. वानराचं काम आहे, तुह्यी काई चूक नाई. पण मोडलं थे मोडलं." मी म्हटलं, "लग्नाला अजून वेळ आहे. मी जोडीन." बाबा म्हणाले, "जोड. शब्द माहा तोच आहे. मांडवात वाजलं पाह्यजे." आणि हात धुवायला गेले.

आता आईच्या अंगात आलं. तिनं कोठीतून डिंकाचा डबा काढला. आमच्याकडे धावड्याचा डिंक नेहमी असायचा, हिवाळ्यात लाडवांना आणि बाळंतिणींना. "अवं, बाळंतिणीची मोडली कंबर सांधते ह्यानं," ती म्हणाली, "ह्या लाकडाची मान काऊन नाई सांधणार?" मला ते अगदी पटलं! आज हसू येतं, पण घरात कुठलीही ढिली गोष्ट घट्ट करायला डिंकच वापरतात हे आम्ही जन्मापासून बघितलेलं. तारा काढल्या, डिंक कोमट पाण्यात विरघळवून दाट केला, दोन्ही तोंडांना लावला, आणि चिकटेपर्यंत आम्ही दोघी आळीपाळीनं हातानं धरून बसलो. दोन दिवसांनी सांधा असा सुरेख दिसायला लागला की आईनं त्यावरून हात फिरवत देवापुढे साखर ठेवली. मी तारा चढवल्या आणि पिळायला लागले. पहिली तार सुरात आली, दुसरी आली. तिसरीला खुंटी जेमतेम फिरवली आणि सांधा काचेसारखा तडकला. डोकं पुन्हा तारांना लोंबायला लागलं. आईनं ती साखर परत डब्यात टाकली.

स्टेशनाजवळ गणपत मिस्त्रींचं दुकान होतं. बंडीची चाकं, वखरं, बाजेचे पाय, असलं काम ते करत. मी गिटार कापडात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, तोंडातली सुपारी थुंकली. "बाई, माह्या बापानं बी हे पेटी पाह्यली नसन. मी काय करतो, लोखंडाची पट्टी बसवून देतो, दोन्हीकडून स्क्रू. मंग वानर नाचलं तरी काई होत नाई." मला ते पटेना. ती जागा बोटभरसुद्धा जाड नव्हती. तिला स्क्रूची भोकं पाडली तर राहिलेलं लाकूडही चिरफळलं असतं. मी म्हटलं, "मिस्त्रीकाका, तुम्ही चौरंग जोडता त्याला खिळा नसतो. त्याला काय लावता?" ते म्हणाले, "त्याले सरस. पण चौरंगाले कोणी तारा लावून ओढत नाई." तरी त्यांनी मला सरसाचे दोन तपकिरी तुकडे दिले आणि बजावलं, "उकळू देजो नोको. पाण्याच्या भांड्यात डबा ठेवजो. उकळला का त्याचा जोर जाते. अन नाई टिकलं तर माह्याकडं येजो, पट्टी मारू." मी हाव म्हटलं, आणि मनात म्हटलं, येतेच मी पट्टी मारायला!

घरी आले तर आई दारातच आडवी. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा. लग्नघर, देवदेवक बसायचं, आणि ते माझ्या चुलीवर? "माह्या घरात नाई म्हणजे नाई," आई म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, पण आईनंच थोडा विचार केला, पडवीतून बाबांनी कधीतरी टाकून दिलेलं एक पिचकं भांडं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "मागं निंबाखाली तीन इटा मांड. अन आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवजो नोको." तिच्या मोठ्या मनाचा मला आजही अचंबा वाटतो. ज्या बाईनं आयुष्यात अंड्याचं टरफल बघितलं नव्हतं, ती पदर नाकाला लावून दारात उभी राहून मला विचारत होती, "विरघळला काय व?"

आधी मी जुना डिंक गरम पाण्याच्या फडक्यानं पुसून, पुसून, लाकूड मूळचं दिसेपर्यंत काढला आणि सुकू दिला. मग सरस भिजवला, विस्तवावर पाणी, पाण्यात डबा. वास असा सुटला की निंबावरची वानरंसुद्धा मालधक्क्याकडे निघून गेली. पण खरी अडचण वेगळीच निघाली. मोड तिरकी होती. सरस लावायच्या आधी मी नुसते दोन तुकडे जुळवून दाबून बघितले, तर दाब दिला की डोकं उतारावरून घसरून पुढे सरकायचं. हातानं धरलं तर नीट बसायचं, पण हातानं पुरेसा दाब येत नव्हता. वर वजन ठेवलं की घसरलं. दगड, वरवंटा, बाबांची जाड पुस्तकं, सगळं ठेवून बघितलं. मी रडकुंडीला आले होते, पण रडले नाही, कारण समोर मांडव घालणारी माणसं होती आणि त्यांच्यासमोर रडायचं म्हणजे काय.

ती माणसं बांबूला बांबू बांधत होती. बघता बघता माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. तिरका बांबू उभ्या बांबूला बांधायचा तर ते आधी दोरी अशी ओढून घेत की तिरक्याला घसरायला जागाच राहू नये, मग गुंडाळत, आणि सगळ्यात शेवटी गुंडाळीत एक काडी खुपसून ती फिरवत. काडी फिरली की दोरीला पीळ बसे आणि बांबू कुरकुरत एकमेकांना घट्ट भिडत. सिंदीत हे मी जन्मभर बघत आले होते. कापसाच्या बंड्याही तशाच आवळत. पण बघणं आणि दिसणं ह्यात किती फरक असतो! मी धावत घरात गेले, आईचं जुनं लुगडं घेतलं आणि टराटरा पट्ट्या फाडल्या. एक पट्टी डोक्यापासून निघून गिटारीच्या बुडापर्यंत, लांबीच्या दिशेनं ओढून घेणारी. ती असली की डोकं पुढे घसरू शकत नव्हतं. दुसरी सांध्याभोवती गुंडाळायची आणि पीळ द्यायचा. पट्टी सरसाला चिकटू नये म्हणून मधे मेणबत्ती घासलेला कागद. पिळायला काडी म्हणून पेन्सिल घेतली, ती मोडली. तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेलं आईचं शिसवी लाटणं घेतलं.

सरस चांगला गरम होता. गिटारीचं लाकूडही मी सावलीत, पण उन्हाच्या झळेत कोमट होऊ दिलं होतं. चिरेत बोटानं सरस चोळला, दोन्ही तोंडं भिडवली, लांब पट्टी ओढून गाठ मारली, दुसरी गुंडाळली आणि लाटणं खुपसून फिरवायला लागले. एक पीळ, दुसरा पीळ. सांध्याच्या कडेनं सगळीकडून सरसाचे बारीक मणी बाहेर आले, एका बाजूनं नाही, सगळ्या बाजूंनी सारखे. तेव्हाच मला आतून कळलं की हे बसलं. कसं कळलं ते सांगता येत नाही, पण त्यानंतर आयुष्यात पुष्कळ गोष्टी जोडल्या, तसे मणी दिसले की मी निर्धास्त होते. हल्ली बाटलीत पांढरा गोंद मिळतो, त्याला वास नाही आणि विस्तवही नाही. नातवानं परवा त्यानं टेबलाचा पाय जोडला. मी विचारलं, मणी आले का? तो म्हणाला, आजी, कसले मणी?

लाटणं तसंच बांधून मी गिटार कोठीच्या अंधाऱ्या खोलीत, बुंदीच्या लाडवांच्या डब्यांशेजारी ठेवली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून घरभर ताकीद दिली. पण लग्नघरात ताकीद कोण ऐकतो? त्याच दिवशी कारंज्याहून मोठी काकू आली. मोठी काकू म्हणजे आवाज. ती एकटी आली तरी वरात आल्यासारखं वाटायचं, आणि तिच्या हातात कायम अडकित्ता आणि मांडीवर सुपारीची चंची. बायका पोळ्या लाटायला बसल्या आणि लाटणं सापडेना. सगळं घर धुंडाळलं. शेवटी मोठ्या काकूच्या हाती कोठीत ते लागलं. "व माय! हे काय व? लग्नाच्या घरात लाटणं असं सुळावर काऊन चढवलं?" म्हणत ती गाठ सोडायला लागली. मी अंगणातून धावले, पण माझ्या आधी आई पोचली होती. पिठाच्या हातांनी तिनं काकूचं मनगट धरलं. मोठ्या जावेच्या हाताला हात लावलेला मी तिला कधी बघितला नव्हता. "जाऊबाई, सोडू नोका. माह्या पोरीचं सगळं त्याच्यात बांधलं आहे." काकूनं हात मागं घेतला. मग म्हणाली, "मंग पोळ्या काय बाटलीनं लाटू?" आणि खरंच, ताईच्या लग्नाच्या आधीच्या सगळ्या पोळ्या बाटलीनं लाटल्या गेल्या, आणि त्याबद्दल कारंज्यात पुढे कितीतरी वर्षं आमची थट्टा व्हायची.

लग्नाच्या सकाळी मी पट्ट्या सोडल्या. सांधा नखालाही लागत नव्हता. तारा चढवल्या, पण धीर होईना. डिंकाचा तो तडा अजून कानात होता. मी तारा अर्ध्याच ओढल्या, खालच्या सुरात ठेवल्या, आणि मनाला सांगितलं, एवढ्यावर भागवू.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. वडाभात, पाटवड्या, आमरस, सगळं झालं. उन्हं उतरल्यावर मांडवात पाणी शिंपडलं, मातीचा वास सुटला, नागपूरची मंडळी पान खात तक्क्यांना टेकली. बाबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी चौरंगावर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि भूप सुरू केला. तारा ढिल्या, त्यामुळे आवाज मेंगळट. पुढच्या दोन ओळींपलीकडे काही पोचत नव्हतं. नवरदेवाचे मामा मोठ्यांदा म्हणाले, "हे कोणाच्या पोटात दुखून राह्यलं?" मांडव हसला. ताई मुंडावळ्यांआडून माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे भरून आले होते. बाबा खाली बघत होते.

मला असा राग आला म्हणता! मामांचा नाही, माझाच. जोडलं मी, आणि भ्यायचीही मीच? मी वाजवणं थांबवलं आणि भर मांडवात खुंट्या पिळायला घेतल्या. एक तार वर, पूर्ण सुरापर्यंत. दुसरी. मांडव गप्प झाला, कारण माझं तोंड बघण्यासारखं झालं असावं. आईनं पदरानं डोळे झाकून घेतले. तिसरी तार, जिथे डिंक तुटला होता ती. खुंटी कुरकुरली, तार वर चढली, आणि कडाक्!

बाबा अर्धे उठले. मी सांध्यावर बोट फिरवलं. काही नाही. तिथं काहीच झालं नव्हतं. मागच्या बाजूनं मोठी काकू म्हणाली, "अवं थांबली काऊन? मी सुपारी फोडून राह्यली." तिच्या हातात अडकित्ता होता. मांडवात असा हशा उसळला की मामांचं पान खाली पडलं, आणि मीसुद्धा हसले, आणि हसता हसता चौथी, पाचवी, सहावी तार ओढून पिंटोबाईंच्या सुरापर्यंत आणली. गिटार तशीच होती. मग मी कांडी उचलली आणि भूप नाही, मंगलाष्टकांची चाल धरली.

सकाळीच सगळ्यांनी ऐकलेली चाल, पण भटजींच्या घशातून नव्हे, त्या लांब ओल्या सुरातून. शेवटच्या तक्क्यापर्यंत सूर खणखणीत गेला. पहिलं कडवं संपताना, जिथे सावधान येतं तिथे, मी कांडी खालून वर सरकवली, आणि नागपूरच्या एका म्हाताऱ्या आजींनी सवयीनं मूठ उघडून माझ्यावर अक्षता टाकल्या. पदरात उरलेल्या असतील सकाळच्या. त्यांचं बघून शेजारणींनी टाकल्या. दुसऱ्या कडव्याला आख्ख्या मांडवानं टाकल्या. ज्यांच्याकडे अक्षता नव्हत्या त्यांनी विड्यातली बडीशेप टाकली. मामा उभे राहून हात वर करून ओरडले, "सावधान!" ताई हसत होती, रडत होती. माझ्या केसांत, तारांवर, मांडीवर तांदूळच तांदूळ. मी वाजवत राहिले. इतका आनंद मला पुढे कितीतरी मोठ्या सभांत वाजवूनसुद्धा झाला नाही, हे मी खरं सांगते.

शेवटी मामांनीच बाबांना विचारलं, "बाबूजी, पोरगी शिकते कुठं?" बाबा म्हणाले, "नागपूरले. जुलैपासून."

जुलैत आम्ही निघालो तेव्हा स्टेशनवर बाबांच्या हाताखालचा हमाल गिटारीची पेटी घ्यायला पुढे आला. आयुष्यभर सगळ्यांचा माल हमालांच्या डोक्यावर चढवणाऱ्या बाबांनी ती पेटी स्वतःच्या दोन्ही हातांत धरली होती. हमाल म्हणाला, "द्या ना बाबू, वजन होईन. मोडका माल आहे काय?"

"मोडला होता," बाबा म्हणाले. "आमच्या पोरीनं जोडला." आणि नागपूर येईपर्यंत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.